ताईचा आवडता खलनायक

पुस्तक प्रदर्शनात जुन्या कॉमिक्सच्या टेबलापाशी दोन मुली तावातावाने भांडत होत्या. वर्षानुवर्षं चालत आलेल्या एका महानायकाच्या मालिकेत सगळ्यांत भारी खलनायक कोण, यावरून.

"विषराज नुसता हसतो गं, करत काहीच नाही!"

"पण तो हरला की वाईट वाटतंच ना?"

मी तिथेच रेंगाळलो. हीच मालिका लहानपणी आमच्या घरी यायची. दादा आणि मी याच विषयावर दुपारभर हुज्जत घालायचो. ताईच्या हाती अंक सगळ्यांत शेवटी पडायचा, कामं आवरल्यावर. एकदा ती म्हणाली, "मलाही विचारा ना, मला कोण आवडतो ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाला. आणि मी, तिचा लाडका धाकटा भाऊ, सगळ्यांत मोठ्याने हसलो. ती वाळलेले कपडे काढायला गेली. त्यानंतरही वाचनालयातून नवा अंक माझ्यासाठी तीच आणत राहिली. स्वतः मात्र तो उघडताना पुन्हा दिसली नाही. खलनायकांच्या दुष्टपणाची एवढी चर्चा करणाऱ्या मला हे तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

प्रदर्शनातूनच मी तिला फोन लावला. "ताई, त्या कॉमिक्समधला तुला कोण आवडायचा गं?"

ती हसली.

"नाही रे आठवत आता. तेव्हा विचारलं असतंस, तर कारणासकट सांगितलं असतं."