पुस्तकातलं निळं दार

बेटावर तिला सगळे शिवणकाकू म्हणत. नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिने एका मशीनवर घर ओढलं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाचं काय फाटलं ते. एकदा अंगाचं माप घेतलं की वर्षभर वही उघडायला नको, असा हात. जीभ मात्र कात्रीच्या वरताण.

घर होतं पायवाटेच्या फाट्यावर आणि तिथेच घोडं अडलं. अकरा वर्षांपूर्वी कुणी एक भटक्या तिच्या दारात पाणी प्यायला आणि पुढे बेटांवरच्या पायवाटांचं पुस्तक लिहून मोकळा झाला. त्यात छापलं, ‘निळ्या दाराच्या घराशी डावीकडे वळावे. घरातली बाई पाणी देते.’ बाईला विचारलं होतं का कुणी? तेव्हापासून हंगामात रोज दहा-बारा माणसं दारात. बाटल्या भरून द्या, संडास कुठे आहे, जरा बाजूला व्हा हो, दाराचा फोटो काढायचाय!

तरी तिने सोसलं. पण एक दिवस आत एका गिऱ्हाईक बाईची कंबर मोजत असताना एका पाहुण्याने पुस्तक हातात धरून खिडकीतून डोकं आत घातलं. ती बाई जी गेली ती पुन्हा फिरकली नाही. मग मात्र शिवणकाकूंचं डोकं फिरलं. चॉकलेटी रंगाचा डबा आणला आणि दुपारभरात दाराला दोन हात मारले.

होडी चालवणारा तिचा दीर हसला होता. "वहिनी, पुस्तकातलं दारच पुसलंत की! लोक सरळ खाडीकडे जातील."

"जाऊ देत. डोळे आहेत ना त्यांना?"

आता तुम्ही म्हणाल, दार तिचं, रंग तिचा, कुणाच्या बापाचं काय गेलं? तीही तेच म्हणत होती. तीन आठवडे छान गेले. कुणी कडी वाजवली नाही.

चौथ्या आठवड्यात, दुपारी, एक म्हातारा बायकोला जवळजवळ पाठीवर घेऊन खाडीच्या बाजूने चढून आला. तिकडच्या शेवाळलेल्या दगडांवरून तिचा पाय घसरला होता. घोटा फुगून तांब्याएवढा झाला होता. काकूंनी बाईला आत खाटेवर घेतलं, कापडाच्या पट्ट्या फाडून पाय बांधला, दिराला फोन केला. होडी पलीकडच्या बेटावर होती. यायला दीड तास.

म्हातारा आत आलाच नाही. बाहेर पायरीवर बसला, दाराला पाठ टेकून, मांडीवर पुस्तक उघडं.

"काकू," तो म्हणाला, "इथे जवळपास निळं दार कुठे आहे हो?"

सांगायचं तेव्हाच होतं. एक वाक्य तर होतं! पण आत बाई कण्हत होती आणि काकूंची जीभ, ती एरवी गावाला पुरून उरणारी जीभ, टाळ्याला चिकटली. "होतं कुठेतरी," ती पुटपुटली आणि मशीनवर जाऊन बसली.

"म्हणजे माझ्याच नजरेतून सुटलं." म्हाताऱ्याने पुस्तक मिटलं. "अडतीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी. रानात रस्ते आखले. आणि आज एवढं मोठं दार दिसलं नाही. माझा थोरला भाऊ असाच. आधी खुणा चुकायला लागला, मग घर, मग आम्हाला ओळखेना. दोन वर्षं मला भीती होती. आज खात्री झाली."

"अहो, नका ना असं बोलू," आतून बायको म्हणाली. "चुकतं माणसाचं."

"यापुढे मी तुला कुठे नेणार नाही. घरी गेलो की मुलाला सांगतो, आम्हाला तुझ्याकडे घेऊन जा."

आणि तो रडायला लागला. सत्तरीचा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून. काकू काय करत होती? सुई ओवत होती. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. आत्ता सांगते, या शिवणीनंतर सांगते, असं करत तिने एका गणवेशाची बाही उलटी जोडली. मेले बोल की, बोल, असं स्वतःलाच म्हणत होती. लाजेने कान तापले होते. तोंड उघडेल तर शपथ!

दीर आला. बाईला खुर्चीत बसवून त्याने आणि शेजाऱ्याने धक्क्यापर्यंत नेलं. काकू मागून पिशवी घेऊन निघाली. वाटेत दिराला म्हाताऱ्याचं सगळं कळलं. होडीशी पोहोचल्यावर तो तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, म्हातारबुवा उगाच खचलेत. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," ती म्हणाली. दिराने टोचल्यावर सुचलेलं शहाणपण ते, त्याचं कौतुक काय करायचं?

ती पाण्यात दोन पावलं उतरली. "दादा, तुमचं काही चुकलं नाही. ते दार माझंच. मीच रंग बदलला, लोकांनी येऊ नये म्हणून. तुमचे डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की काकूंना बघवेना. तिला वाटलं होतं, शिव्या देईल. त्याने वाकून तिचे दोन्ही हात धरले. "फार उपकार झाले, काकू! फार प्रामाणिक आहात तुम्ही!" होडीत आधीच बसलेल्या चार उतारूंनाही सांगितलं, अशी माणसं हल्ली राहिली नाहीत म्हणून.

बायको मात्र हसली नाही. बांधलेला पाय फळीवर ठेवून ती काकूंकडे बघत होती.

"दीड तास ते तुमच्याच दाराला टेकून रडत होते हो," ती म्हणाली. "आणि मी आत पडल्या पडल्या तुमचं मशीन ऐकत होते."

दिराने होडी लोटली. म्हातारा लांब जाईपर्यंत हात हलवत होता, आणि काकूंचं हात वर करायचं धाडस झालं नाही.