अण्णांना हवी होती सगळ्यात वरची खोली

“सगळ्यात वरची आन्‌ सगळ्यात पुढची,” अण्णा म्हणाले आणि खुर्चीत असे रेलले, जणू जहाज त्यांनी स्वतः बांधून पाण्यात सोडलंय. “तुमच्या मालकांनी फोनवरच बुक करून दिली. तुम्ही फक्त तिकिटं द्या, शेळके.”

मी खोलीचा नंबर पाहिला. मग शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे, आक्कांकडे पाहिलं. लासूर स्टेशनहून आमच्या ऑफिसपर्यंतचा सपाट रस्ता. ना घाट, ना वळण. तरी आक्का डोळे मिटून, नाकाशी पदर धरून बसल्या होत्या.

मी ट्रॅव्हल एजंट. ज्या शहरात लोक पाणी बघायला हर्सूलच्या तलावावर जातात, तिथं मी समुद्रातल्या क्रूझ विकतो. हसा. मीही हसतो.

“आक्का, गाडी लागते का?”

उत्तर अण्णांनी दिलं. “लागती? पोरानं काश्मीरचं काढलं होतं. जीपनं जाऊन चाळीसगावला रेल्वे पकडायची होती. कन्नडचा घाट उतरायच्या आत ही परत! पाहुणे अजून इचारत्यात, काश्मीर कन्नडातच हाय का म्हणून.”

आक्कांनी डोळे उघडले. “जीपमधून उतरता तरी आलं. जहाजातून कुठं उतरू? समुद्र एकदा बघायचाय, भाऊ. ह्या बारीला जमलं नाय, तर मला पुन्हा कुनी घराभाईर काढायचं नाय.”

हे त्या गमतीनं बोलल्या नव्हत्या. मी पेन खाली ठेवलं.

“अण्णा, ही खोली बदलू.”

आतल्या केबिनमधून आमचे मालक खालेदभाई बाणासारखे बाहेर आले. त्यांनी विकलेली ती सगळ्यात महागडी खोली होती. “शेळके, बिकी हुई चीज को कायकू हात लगा रै?”

“खालेदभाई, दोन चहा मागवा. मोठ्या ट्रेमध्ये.”

चहा आला. मी ट्रे दोन्ही हातांनी उचलला. एक कप पुढच्या टोकाला सरकवला, एक बरोबर मध्ये ठेवला. “हे जहाज. हा तुमचा मान,” टोकाच्या कपाकडे बघून मी म्हणालो, “आणि ही समोरून आली लाट.” ट्रेचं तोंड वर गेलं, खाली आलं. टोकाचा कप उडी मारून खालेदभाईंच्या पांढऱ्या पायजम्यावर. मधला कप नुसता थरथरला.

“अरे, मेरा पायजामा!”

“समुद्रात हेच होतं,” मी म्हणालो. “जहाज पुढून-मागून वरखाली होतं. टोकाला सगळ्यात जास्त, मध्ये सगळ्यात कमी. शिवाय ते डावी-उजवीकडे डुलतं. जितके वर, तितका झोका मोठा. ज्याला गाडी लागते, त्यानं खालचा मजला आणि मधली खोली घ्यावी.”

“म्हंजे एस्टीची मागली सीट, तसं?”

“जहाजात पुढचीही तशीच.”

अण्णांनी मान डोलवली. मी खूश. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या एकेका मजल्याचा नकाशा, त्यांच्यापुढे पसरला आणि खालची मधली खोली दाखवली. गोल खिडकी होती, बाल्कनी नव्हती. अण्णांनी चष्मा चढवला.

“आमच्या डोक्यावर कोण?”

मी टाळीच वाजवणार होतो. हा प्रश्न आम्ही एजंट विचारतो! वर डान्स फ्लोअर किंवा किचन असलं, तर रात्रभर धडधड. “खोल्याच आहेत, अण्णा. ना नाच, ना भांडी.”

“तसं नाय. संगं येनारे पोरगा आन्‌ सून कुठं?”

“तीन मजले वर. बाल्कनीवाली खोली.”

अण्णांनी चष्मा काढला. “सून सासऱ्याच्या डोक्यावर चालनार? मग नाय जमायचं.”

आक्का हळूच म्हणाल्या, “नव्या बंगल्यात आमी ह्याच्यापायीच वर झोपतो. गुडघे दुखत्यात तरी.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वरच्या खोलीचा हट्ट समुद्र बघण्यासाठी नव्हताच. मी इतका वेळ ट्रे हलवत होतो, आणि अडचण घरातल्या जिन्यावर बसली होती.

“वर परके लोक असले तर?” मी विचारलं.

“परक्यांचं काय? त्यांना कुठं माझा मान ठेवायचाय!”

मग सोपं होतं. चौघं एकाच मजल्यावर. पण सून रूपाली, शहरात नोकरी करणारी, बाल्कनीशिवाय यायला तयार नव्हती. त्या मजल्यावर बाल्कनी फक्त जहाजाच्या शेपटाला होती. मी फोन लावून बजावलं, “तेही टोकच आहे. झोके बसतील, इंजिनची घरघर येईल.”

“काका, मी रोज स्कूटीवर सिडकोचे खड्डे खाते. मला काय होतंय?”

बुकिंग बदललं. खालेदभाई आठवडाभर माझ्याशी फक्त पायजम्याबद्दल बोलले.

जहाज मुंबईहून सुटलं, आणि दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळल्याची बातमी आली. अण्णांचा फोन लागेना. मी ऑफिसात बसून दुसऱ्यांची विमानं बुक करत होतो, पण डोळ्यांपुढे कन्नडचा घाट. पुन्हा अर्ध्यावरून परत, आणि या वेळी परत यायला रस्ताही नाही.

जहाज धक्क्याला लागलं आणि फोन वाजला. आक्का होत्या. आवाज असा, की शेजारच्या दुकानात ऐकू जावा.

“भाऊ, एकदा बी वकले नाय! समुद्र पोटभर बघितला!”

मी खुर्चीत सैल झालो. खालेदभाईंनी खूण करून विचारलं, मी अंगठा वर केला. त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

“आणि रूपाली?”

“आडवी पडली बिचारी. तिला माझ्या पलंगावर आनून निजवली, लिंबू दिलं.”

“मग अण्णा कुठं झोपले?”

आक्कांना हसू आवरेना. “शेपटाला! पोराबरुबर. दोगं बी बाल्कनीचा गज धरून. सकाळी आले ते म्हनले, शेळक्याला सांग, म्होरल्या बारीला समद्यांना मधीच घाल.”

तेव्हापासून गिऱ्हाईक अडून बसलं, की मी नकाशा मिटतो आणि आधी कारण विचारतो. तुम्हाला मात्र एकच सांगतो. खालच्या मजल्यावरच्या मधल्या खोल्या थोड्या असतात, आणि ज्यांना त्यांची गरज असते, ते बहुधा वरची खोली मागत बसलेले असतात.