बायबलात मारलेल्या रेघा

आमच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासाचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही! दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात बायबल, प्रत्येकाच्या खिशात पेन, आणि कुठल्या पेनानं खूण करावी हे विचारायला सगळे माझ्याकडे. किस्से आपोआप साठत गेले. वाईट एवढंच, की बहुतेकांत तोंड लपवायची पाळी माझ्यावर आलेली आहे.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून. सत्तरच्या दशकात आमच्या नाशिकरोडच्या चर्चच्या मंडळीत 'पेनातलं कळणारा माणूस' म्हणून माझं नाव झालं होतं. ते नाव मला फार प्रिय. मला गाता येत नव्हतं, चार माणसांत प्रार्थनाही धड करता येत नव्हती. मग काहीतरी हवं ना माणसाला!

*

नाव होण्याआधीची गोष्ट. नवं शाईपेन घेतलं होतं, जाड निबचं. बायबलचा कागद म्हणजे कांद्याचा पापुद्रा! मी देवाच्या एका सुंदर अभिवचनाखाली ऐटीत रेघ ओढली आणि शाई आरपार गेली. मागच्या पानावर वंशावळ होती. तिथं कुणा एकाच्या नावाखाली रेघ उमटली.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी माझं पुस्तक हातात घेतलं. "दाविद, या माणसाच्या नावाला खूण का रे केलीस?"

'शाई फुटली' म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही! त्या माणसाच्या थोर विश्वासावर मी दहा मिनिटं बोललो.

पाळकसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "छान. आता पान उलट, आणि ज्याच्यावर खरी रेघ मारलीस त्याच्यावर बोल."

*

मग मी शाई सोडली आणि लाल-निळी पेन्सिल धरली. एका टोकाला लाल, दुसऱ्याला निळी, साहेब लोक फायलींवर शेरे मारतात ती. आज्ञांना लाल, अभिवचनांना निळा, अशी पद्धत बसवली. चार जणांना एकेक पेन्सिल वाटलीही. अर्थात ऑफिसातलीच.

पाळकीणबाईंनी त्यांची पेन्सिल डोळ्यांजवळ नेली. तिच्यावर 'कार्यालयीन उपयोगासाठी' असं छापलेलं!

"दाविदभाऊ, चोरीबद्दलची आज्ञा कुठल्या टोकानं रंगवलीत?"

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. दुसऱ्या दिवशी पाचही पेन्सिली मुकाट्यानं ऑफिसात नेऊन ठेवल्या.

*

साळवे ओझरला विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्याच्याकडे ड्रॉइंगची पेनं होती. मी म्हटलं, "सगळ्यात बारीक वापर, फुटणार नाही." पठ्ठ्यानं समासात नोहाचं तारूच काढलं. समोरून, बाजूनं, वरून, मापांसकट! तीन महिने झाले तरी गडी तारवाच्या पुढे सरकेना.

"अरे, पुढं वाच की!"

"ड्रॉइंग पास झाल्याशिवाय पुढं कसं जायचं? तू तपास आणि सही कर."

आणि मी सही केली हो! देवानं दिलेल्या मापांखाली 'तपासले, बरोबर' असं लिहून माझी सही आहे. साळवे अजून लोकांना दाखवतो.

*

एस्तेरबाई शाळेत शिकवायच्या. त्यांना मी स्केच पेनं सुचवली, पण रंग वाळेपर्यंत पुस्तक मिटू नका, हे सांगायचं राहिलं. पानं चिकटली.

बुधवारी बाई मोठ्यानं वाचत होत्या. उधळा मुलगा वाटणी घेऊन घराबाहेर पडला आणि एकदम उंबराच्या झाडावर चढला! झाडावर चढणारा माणूस पुढच्या गोष्टीतला; मधली चार पानं गायब. त्यांच्या लक्षात आलं नाही, कुणाच्याच आलं नाही.

मी तर "आमेन!" म्हणालो. तेही सगळ्यांत मोठ्यानं.

*

आता हा शेवटचा. हा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

मार्थामावशी सिन्नरकडच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा वॉचमन होता. तो रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायचा आणि वाचलेल्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायचा. तो गेला. रेघा पुसट होत चालल्या तशा मावशी घाबरल्या आणि पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या.

"दादा, तुम्हाला पेनातलं कळतं. येवढं पक्कं करून द्या. ह्या रेघा गेल्या तर ह्यांनी काय वाचलं व्हतं, ते मला कोन सांगनार? सुनेकडून तेवढंच वाचून घ्यायचं हाय."

मी अंगात आल्यासारखा कामाला लागलो. पेन्सिलीवरून बॉलपेन फिरवलं की घाण दिसतं, म्हणून आधी रबरानं साफ करायचं ठरवलं. दाबाच्या खुणा राहतीलच की! एका बैठकीत सगळं पुस्तक साफ केलं. मग खिडकीपाशी पान तिरकं धरून पाहिलं. काहीच दिसेना. त्या माणसाचा हात फार हलका होता.

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. माझं नाव जाईल या भीतीनं नाही सांगितलं. मला जी वचनं चांगली वाटली त्यांच्याखाली पट्टी धरून रंगीत रेघा मारल्या आणि पुस्तक परत दिलं. वर म्हणालो, "जसंच्या तसं आहे, मावशी." बुधवारी सगळ्यांनी वाहवा केली. मी ती घेतलीही! अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तीन आठवड्यांनी अभ्यास संपल्यावर मावशी मागे थांबल्या. सगळे जाईपर्यंत चपला शोधत राहिल्या. मग पुस्तक माझ्यापुढे ठेवलं.

"सुनेनं समदं वाचलं, दादा. लय ग्वाड हाय. नुसता आशीर्वादच आशीर्वाद!"

मी मान वर केली नाही.

"पन आमचे ह्ये मला चिडवायला वाचायचे. भांडखोर बायकूचं कुठं कुठं लिव्हलंय, ते हुडकून रेघ मारायचे. मी लाटनं घेऊन उठले का मंग थांबायचे. आता त्यातलं एक बी येत नाय."

"मावशी, माझं चुकलं. मी सगळं पुसून टाकलं. आणि तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी पदराची गाठ सोडली आणि पेन्सिलीचा बोटभर तुकडा माझ्या हातात दिला.

"ह्यांचीच हाय. कुठं लिव्हलंय ते तुम्हाला ठावं आसंल. बसा हितं. हुडका."

मी शोधत बसलो. पहिली ओळ सापडली, तिच्याखाली पट्टी ठेवली. मावशींनी ती उचलून बाजूला केली.

"पट्टी नको, दादा. ह्ये हसत हसत मारायचे. रेघ वाकडी यायची."