झबल्यात गुंडाळलेला बाळकृष्ण

मी देवभोळी नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे कोणी 'मला अनुभव आला' म्हणालं की 'बरं, रीत दाखवा' असं तोंडावर येतंच. आता मलाच लिहायची वेळ आली आहे आणि रीत दाखवता येत नाही. घडलं ते सांगते. अर्थ ज्याचा त्याने लावावा.

केतकी आमची पहिली मुलगी. हे तेव्हा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तिथल्याच क्वार्टर्समध्ये आम्ही राहायचो. पहिल्या संक्रांतीला ती फारच तान्ही होती, म्हणून तिचं बोरन्हाण दुसऱ्या वर्षी केलं. काळं झबलं मी घरी शिवलं, त्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या चांदण्या काढल्या. अंगावर हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले तशी क्वार्टर्समधली सगळी पोरं लुटायला धावली. ही मात्र एक बोर तोंडात धरून चोखत बसली, कोणाला हात लावू देईना. चैत्रात तिला ताप आला. मेंदूज्वर निघाला आणि चौथ्या दिवशी ती गेली. दीड वर्षाची होती.

एवढ्या लहान बाळाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. दिवस नाहीत, श्राद्ध नाही. पितृपक्षात पणजोबांच्या नावाने खीर होते, पण तिच्या नावाने काहीच करायचं नसतं. शास्त्राचा हेतू चांगलाच असेल. आईने मात्र करायचं काय, ते कोणी सांगत नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काळ्यात फार उठून दिसत होती गं. इतकं मिरवायला नको होतं." त्या दुःखात बोलून गेल्या, हे आज कळतं. तेव्हा ते वाक्य काळजात रुतलं आणि तिथेच राहिलं.

लग्नात माहेरून मुलीबरोबर अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण येतात. माझा बाळकृष्ण पितळेचा, अंगठ्याएवढा, रांगता, एका हातात लोण्याचा गोळा. त्याला मी रोज कोमट पाण्याने अंघोळ घालायचे. केतकी गेल्यावर त्याला हातात घेणं जमेना. एका दुपारी मी त्याला तिच्या त्याच काळ्या झबल्यात गुंडाळलं. "एवढी हौस होती ना तुला तिची? मग सांभाळ आता तूच!" असं तोंडावर सुनावलं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण दाबून बसवलं. देव्हाऱ्यातली त्याची जागा तशीच ठेवली. पुढे मुलगा झाला, घर बदललं, डबा बरोबर फिरत राहिला. मी तो उघडला नाही. केतकीचं नाव यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही. मुलाला एवढंच ठाऊक की आपल्याआधी एक बहीण होती. अशी तेहेतीस वर्षं गेली.

आता आम्ही मुलाकडे खराडीला असतो. नात अन्वी या जानेवारीत दीड वर्षाची झाली. सून अमरावतीची, मोकळ्या स्वभावाची. ती म्हणाली, "आई, बोरन्हाण जोरात करू, अख्खी सोसायटी बोलावू." मी म्हटलं, "करा की. मी त्या दिवशी सांगलीला आहे, बहिणीकडे." सांगलीला माझं काही अडलं नव्हतं. मला भीती वाटत होती. मी तिथे उभी राहिले, तसं काळं झबलं नजरेस पडलं, तर पुन्हा काही होईल, ही ती भीती. दुधाने पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. मी तर ताकाच्या वाटेलाच जात नव्हते. गणिताची बाई असून हे असं! पण भीतीला कोण रीत विचारतं?

दागिन्यांच्या कामातून मात्र सुटका झाली नाही. सुनेला सुट्टी नव्हती. नारायण पेठेत एक बाई घरीच हलव्याचे दागिने करून देतात असं कळलं, म्हणून मी गेले. सत्तरीच्या पुढच्या बाई, चष्मा नाकावर, समोर हलव्याची ताटली आणि दोऱ्याची रिळं.

"बाळ कुठंय?"

"घरी."

"मग माप कोणाचं घेऊ? तुमचं?"

मी अंगठा आणि बोट जुळवून मनगटाचं माप दाखवलं. कमरेचं दोन्ही हातांनी दाखवलं. बाईंनी दोरा धरून गाठी मारल्या. नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. "गुरुवारी न्या," म्हणाल्या आणि मान खाली घालून कामाला लागल्या.

गुरुवारी मुलगा ऑफिसमधून येताना दागिन्यांचा डबा घेऊन आला. सुनेने तो टेबलावर ठेवला आणि झाकणावरची चिठ्ठी वाचली. "आई, ही केतकी कोण? दुसऱ्या कोणाचा डबा आला वाटतं."

अन्वीचं नाव सांगितलं, अशी माझी पक्की समजूत होती. तेहेतीस वर्षं जे नाव ओठावर येऊ दिलं नाही, ते मी एका परक्या बाईला सहज सांगून आले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. काहीतरी थाप मारावी म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आमची मुलगी. डबा बरोबर आहे."

मुलगा उभा होता तो खाली बसला. सुनेने माझा हात धरला. मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हमसून रडले.

नंतर डबा उघडला. हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, आणि खाली कागदाच्या पुडीत अजून काहीतरी. सोडली तर आत एक मुकुट आणि एक हार. मुकुट माझ्या अंगठ्यावर बसेल एवढा, हार त्याच मापाचा. असं काही मी मागितलं नव्हतं. बाळकृष्णाचा तर त्या घरात मी उल्लेखही केला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, हलवा उरला होता. वाया कशाला घालवायचा? बाळाच्या घरी बाळकृष्ण असतोच. नसला तर आणा." आणि फोन ठेवून दिला.

एवढाच चमत्कार, म्हटलं तर. पण तो इवलासा मुकुट हातात घेऊन मला सांगलीला जाता येईना. बोरन्हाणाच्या सकाळी मी यांना माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायला सांगितला. झाकण गंजून बसलं होतं, यांनी चमच्याने उचकटलं.

काळं झबलं विटून तपकिरी झालं होतं. आत तो काळवंडलेला, रांगताच. झबल्याचं एक टोक त्याच्या हाताखाली दुमडून अडकलं होतं, मुठीत धरल्यासारखं. मी ओढलं तर चटकन सुटेना. हे हळूच म्हणाले, "राहू दे. तू सांगितलंस तेच करत बसलाय तो."

यांना ते माहीत होतं! त्या दुपारी मी देवाला सुनावलं तेव्हा हे दारात उभे होते. तेहेतीस वर्षांत एका शब्दाने बोलले नव्हते.

मी कोमट पाणी काढलं. चिंच लावून त्याला स्वच्छ घासलं, अंघोळ घातली, मुकुट आणि हार घातला. संध्याकाळी अन्वीचे दागिने तिच्या अंगावर चढवले, ते तंतोतंत बसले. माप माझ्या हातांनी कोणाचं दाखवलं होतं, ते मला ठाऊक आहे. मांडीवर अन्वी, पुढ्यात पाटावर बाळकृष्ण. पहिली ओंजळ मी दोघांवर मिळून ओतली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ही केतकीची." भीती वाटली का? वाटली. तरी ओतली.

देवाने तिला का नेलं, हे मला अजून कळलेलं नाही आणि मी आता विचारतही नाही. मला वाटायचं, मी त्याला डब्यात कोंडून शिक्षा केली. त्याने शिक्षा मानलीच नाही. सांभाळ म्हटलं, सांभाळत राहिला. आपल्याला जे पेलत नाही ते रागाने का होईना त्याच्या अंगावर टाकावं, तो घेतो, इतकंच मी शिकले. त्याचे उपकार मानायला तेहेतीस वर्षं उशीर झाला.

तो आता देव्हाऱ्यात आपल्या जागी आहे. रोज अंघोळ झाली की त्याला पुसते आणि त्याच झबल्याच्या घडीवर बसवते. त्या दिवशी पोरं लूट करून पांगल्यावर हे एक बोर घेऊन आले आणि त्याच्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "एकच?"

"ती एकच घ्यायची," हे म्हणाले.