थोपटणारा पाय

ब्रेक दाबायचा नसतो, थोपटायचा असतो, असं मानणारा माणूस अख्ख्या भिलाईत एकच होता आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मला गाडी त्यांनीच शिकवली. "जावई, ब्रेकले लाथ नोका मारू. लेकराले झोपवता ना, तसं थोपटा. चाक जाम झालं का गाडी कोनाचंच आयकत नाही." हे सांगताना त्यांचा उजवा पाय हलायचा. खरं तर तो कधी थांबतच नसे. जेवणाच्या पाटावर, सत्यनारायणाच्या पूजेत, फार काय झोपेतही, टप टप टप. सुपेल्याच्या बाजारातला न्हावी त्यांच्या गालाला वस्तरा लावण्याआधी देवाचं नाव घ्यायचा.

हसू यायचं, पण एकदा ओसरीत चहा पिताना तो पाय एकाएकी जोरात चालू लागला. मामा शांतपणे बशीत फुंकर घालत होते. मी विचारलं, "काय झालं मामा?"

"मले काय मालूम? पायाले विचारा."

इतक्यात बाहेरच्या ओल्या वळणावर स्कूटर घसरल्याचा आवाज आला. तेव्हापासून मला त्या पायाकडे बघायची भीती वाटू लागली.

गाडीत त्यांच्या शेजारी कोणी बसायचं नाही, असा नियम होता. आम्ही सगळे मागे कोंबून बसायचो. ती जागा मामींची. नंदिनीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची चुनखडीची धूळ भिजली की साबणासारखी होते. तिथं एकदा, मामी शेजारी असताना, समोर डंपर पाहून मामांनी ब्रेक गच्च दाबला होता. चाकं जाम झाली, स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळ घसरत गेली. मामा वाचले; पाय हलायला लागला तो तेव्हापासून. शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं अंग थकलं, तो पाय तेवढा थकला नाही.

ते गेल्यावर काही वर्षांनी माझ्या मेहुणीच्या मुलानं परदेशी गाडी आणली. हौसेनं मी चालवायला घेतली; बायको शेजारी, तो मागे. रस्ता नंदिनीचाच, तसाच भिजलेला, आणि वळणावर डंपर आडवा. शिकवलेलं सगळं विसरून मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. आणि माझ्या तळव्याखाली ब्रेक आपोआप थडथडू लागला. टप टप टप. माझा पाय तर गच्च रोवलेला होता, थोपटत दुसरंच कोणीतरी होतं. स्टेअरिंग वळवलं तशी गाडी निमूट वळली आणि कडेला थांबली.

"मौसाजी, नई सिस्टम आहे," पोरगा मागून म्हणाला. "चाक जाम होऊच देत नाही. ब्रेक खुद ही पंप होते."

असेल. मला यंत्राचं कौतुक वाटलं, आणि मामींच्या वेळी ते नव्हतं याचा रागही आला. बायको माझ्या पायाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आता झोप लागन मामाले."