न चाखता घातलेलं मीठ

माझी थोरली जाऊ आग्लाया हिचं कौतुक मी तिच्या तोंडावर कधी केलं नाही आणि करणारही नाही. एका अंगणात दोन घरं, मध्ये एक विहीर आणि दोघींच्या कोंबड्या एकमेकींच्या दाण्यावर तुटून पडणाऱ्या. अशा ठिकाणी जावांनी एकमेकींचं कौतुक करून कोणाचं भलं झालंय? पण पाठीमागे सांगायला हरकत नाही. ईस्टरचा द्रोब, म्हणजे कोकराच्या कलेजीचा भट्टीत भाजलेला ठोकळा, आमच्या गावात घरोघरी होतो, आणि आग्लायासारखा कोणाच्याच घरी होत नाही. हे मी जाऊ असून म्हणतेय, म्हणजे काय ते समजा.

ती या घरात आली ती वरच्या डोंगरातल्या वस्तीवरून, एक पेटी आणि दोन मेंढ्या घेऊन. उंच, हाडकुळी, चालायला लागली की बरोबरच्या माणसाला धावावं लागायचं. माझे थोरले दीर गाव्रिल जंगलात लाकूडतोडीला जायचे. सहा सहा दिवस घरी नसायचे. म्हणून गवत कापायचं पुरुषांचं काम हिनंच उचललं, आणि कोणी हसलं तर लांब दांड्याचा विळा त्याच्याच हातात देऊन म्हणायची, "घे, तू दाखव." पुढे ती लाकडाच्या गिरणीच्या खानावळीत स्वयंपाकाला लागली. तिथले कामगार जेवताना बोलायचे नाहीत, आणि गिरणीतल्या माणसांना गप्प बसवणं ही काही साधी गोष्ट नाही.

पण खानावळीचं राहू दे. तिची खरी कमाई म्हणजे द्रोब. तो आमच्या सासूबाईंचा, त्यांच्याही सासूबाईंचा. कोकराची कलेजी, हृदय, फुफ्फुसं उकडून सुरीनं बारीक चिरायची, यंत्रातून काढायची नाहीत. त्यात पातीचा कांदा, लसणाची पात, शेपू, दुधात भिजवलेला शिळा पाव आणि कच्ची अंडी. साच्याला आतून चरबीची पातळ जाळी लावायची, निम्मं सारण भरायचं, मधोमध उकडलेल्या अंड्यांची रांग, वर उरलेलं सारण, आणि जाळी दुमडून भट्टीत. फोड कापली की प्रत्येकीत पिवळा डोळा दिसला पाहिजे. म्हणून अंड्यांची टोकं कापून ती एकमेकांना चिकटवून ठेवायची. इतपत कोणीही शिकेल.

अडचण पुढे आहे. द्रोब होतो ईस्टरच्या आदल्या शनिवारी, आणि तो दिवस सात आठवड्यांच्या उपासाचा शेवटचा. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. ज्या बाया वर्षभर दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात घालतात, त्यांना त्या दिवशी बोट चाटायचीही मुभा नसते. मीठ घालायचं ते अंदाजानं आणि मग देवाच्या नावानं. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या अंगणात सणाच्या जेवणाच्या टोपल्यांवर पवित्र पाणी शिंपडलं जातं, तिथेच द्रोब कापतात आणि शेजारपाजाऱ्यांना फोडी देतात. म्हणजे कोणाचा अळणी झाला, कोणाचा खारट, हे उजाडायच्या आत गावभर.

सासूबाईंनी आम्हा दोघींना एकाच दिवशी द्रोब शिकवला आणि दिला मात्र तिला. मला म्हणाल्या, "झाम्फिरे, तू अंडी रंगव. तुझ्या तोंडाला कुलूप नाही, तू चाखशील." मी अंडी रंगवत आले. चांगली रंगवते.

गेल्या वर्षी गाव्रिल गेले. यंदाच्या हिवाळ्यात आग्लायाला ताप भरला, आणि उतरला तेव्हा जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. कॉफी आणि गरम पाणी तिला सारखंच. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार. असलं उत्तर तर मीही दिलं असतं.

तिनं कोणाला सांगितलं नाही. मोठा उपास लागायच्या आधी गाव्रिलचं वर्षाचं जेवण होतं. सारमाले, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस-भात, तिनं मोठं पातेलं भरून केले. सारं गाव बसलं. पहिल्या घासाला पाव मोडले गेले, दुसऱ्या घासाला पाण्याचे पेले उचलले गेले. मिठागरात पडल्यासारखे खारट. देवळात घंटा वाजवणाऱ्याची बायको कासांद्रा, तिला गप्प राहणं माहीत नाही. म्हणाली, "गाव्रिलच्या आठवणीनं डोळ्यांत पाणी यायचं, तर इथं घशात हवंय." लोक हसले. आग्लाया पातेल्याजवळ उभी होती. तिनं कमरेचं फडकं सोडलं, घडी घातली, आणि त्या दिवसापासून चुलीला हात लावला नाही.

तिची सून लोरेदाना पोर चांगली आहे, हे मला सांगायला हवं, कारण एरवी मी कोणाच्या सुनेला चांगलं म्हणत नाही. मुलगा दोरिन लाकडाचा ट्रक चालवतो, आठवड्यातून दोन रात्री घरी. घर हिच्याच अंगावर. तिनं सासूला एका शब्दानं दुखावलं नाही. "आई, तुम्ही बसा ना, मी करते," एवढंच. पण बसा बसा म्हणत माणसाला कोपऱ्यात सारता येतं, हे तिला कळत नव्हतं. आग्लाया खिडकीपाशी बाकावर बसून राहायला लागली. मला एकदा म्हणाली, "झाम्फिरे, मी माझ्याच घरी पाहुणी झालेय." मी म्हटलं, "मग पाहुणीसारखी हस तरी." ती हसली नाही.

द्रोबाच्या शनिवारी दुपारच्या आत लोरेदाना हातात पातेलं घेऊन माझ्या दारात. कोपरापर्यंत हात भरलेले, तोंड रडवेलं.

"काकू, मीठ किती?"

"मला काय विचारतेस? मी अंडी रंगवते."

"आईंना विचारलं तर म्हणतात, माझं काय खरं आहे, तुझ्या मनानं घाल. काकू, मी जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकू? देव काही एवढ्यासाठी..."

"सात आठवडे कांदा-बटाटा खाल्लास तो एका बोटासाठी घालवणार? आणि देवाला भीत नाहीस वाटतं?"

"देवाला नाही हो भीत. कासांद्राला भिते. सारमाल्यांवर हा द्रोबही बिघडला तर गाव म्हणेल या घराची चूल बसली. आणि आई... आई पुन्हा उठणारच नाहीत त्या बाकावरून."

मला राग कधी येतो ते मला कळत नाही, आल्यावर कळतं. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं, अंगण ओलांडलं आणि ते आग्लायाच्या पुढ्यात आपटलं. ती अंडी सोलत होती.

"अक्का, ऊठ. मीठ घाल."

"वेडी झालीस का? सारमाल्यांचं विसरलीस?"

"विसरते कशी? अजून तहान लागते. त्या दिवशी चमचा किती वेळा तोंडात घातला होतास, सांग."

तिनं पुढचं अंडं सोलायला घेतलं.

"दर वेळी अळणी लागलं आणि दर वेळी मूठभर टाकलंस. तुझी जीभ खोटं बोलली आणि तू ऐकलंस. पण या द्रोबात तुझी जीभ होती कधी? एवढ्या वर्षांत एकदा तरी चाखलास? भट्टीत घालायच्या आधी चव बघणारी बाई या गावात आज एकही नाही. आज सगळ्या तुझ्यासारख्या आहेत."

तिनं हातातलं अंडं खाली ठेवलं. माझ्याकडे पाठ करून मागून आलेल्या सुनेला विचारलं, कारण घर सुनेचं होतं, माझं नव्हे.

"पोरी, खारट झाला तर?"

लोरेदानानं जराही वेळ घेतला नाही. "तर मी सांगेन, मीठ मी घातलं. माझं वय आहे चुका करायचं."

आग्लाया उठली. फडकं बांधलं. मग तिनं जे केलं ते आमच्या सासूबाई करायच्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत कितीदा तरी झालं असूनही मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. तिनं मांसाला मीठ लावलंच नाही. चिरलेला सगळा पाला, कांद्याची पात, लसणाची पात, शेपू, अजून सारणात मिसळायचा होता, तो परातीत घेतला. तळहाताच्या खळग्यात मीठ घेतलं, पाल्यावर भुरभुरवलं आणि चोळायला लागली. बघत होती खिडकीबाहेर, माझ्या कोंबड्यांकडे.

"तुझी ती तांबडी पुन्हा माझ्या वाफ्यात आहे," ती म्हणाली.

"तुझा वाफाच माझ्या कोंबड्यांच्या वाटेत आहे."

पाला मऊ पडायला लागला. तिनं मूठ भरून पिळली. थोडं पाणी बोटांतून निघालं आणि तिथंच थांबलं. तिनं मान हलवली, पुन्हा मीठ घेतलं, या वेळी चिमूटभर, पुन्हा चोळलं. पुन्हा पिळलं. आता हिरवं पाणी बोटांवरून उतरून मनगटापर्यंत आलं.

"बास," ती म्हणाली. "मनगटाला पाणी पोचलं की पाल्याला पुरलं. पाल्याला पुरलं की मांसालाही पुरतं. बघ, पोरी, हात घाल."

लोरेदानानं हात घातला. तिला काय कळलं असेल देव जाणे, पण दोघींचे हात त्या परातीत होते आणि मी तिथून निघून आले, कारण माझी तांबडी खरंच वाफ्यात होती.

त्या दिवशी मी तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते, हे खरं सांगते. मोठ्या तोंडानं बोलून तर बसले होते. चुकलं असतं तर ती बाई माझ्या शब्दावर उठली आणि माझ्या शब्दावर पडली, असंच झालं असतं.

पहाटे देवळाभोवती टोपल्यांची रांग लागली. प्रत्येक टोपलीत मेणबत्ती, गोड पाव, रंगवलेली अंडी. पाद्री पाणी शिंपडत पुढे गेला, आमच्या टोपलीवर जरा जास्तच पडलं. "ख्रिस्त उठला," "खरंच उठला," असं सगळीकडे चाललं होतं. लोरेदानानं सुरी काढली. फोड सरळ आली, मधोमध पिवळा डोळा. घरातल्या वडील माणसानं पहिली फोड घ्यायची. आग्लायानं ती बशीत घेतली आणि नुसती धरून उभी राहिली.

कासांद्रा आलीच. तिला बोलावणं लागत नाही. फोड घेतली, निम्मी एकदम तोंडात. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. चावली, गिळली, उरलेली निम्मी संपवली. मग म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासाठी एक दे. ते घंटेपाशी आहेत." लोरेदानानं दिली. घंटेकडे जायच्या वाटेवर, दगडी कठड्याच्या आडोशाला, ती फोड कासांद्रानं स्वतःच खाल्ली. मी पाहिलं.

माझ्याही तोंडात घास होता. अहो, काय सांगू. मी आग्लायाजवळ गेले आणि म्हटलं, "अक्का, जमलंय. अगदी जमलंय."

"तू जाऊ आहेस," ती म्हणाली. "माझं मन राखायला खोटं बोलशील."

"मी? तुझं मन राखायला?"

"तेही खरं," ती म्हणाली, पण नजर सुनेवरच होती. "पोरी, तू खा. आणि सांग. नुसतं चांगलं आहे असं नको सांगू. काय काय लागतं ते सांग."

लोरेदानानं घास घेतला. आग्लायानं तेव्हाच आपल्या बशीतला पहिला तुकडा तोंडात घातला.

"आधी शेपू," लोरेदाना म्हणाली.

"मग?"

"मग कांद्याची पात. गोडसर."

आग्लाया सावकाश चावत होती. "कलेजी आली?"

"थांबा... आता आली. जरा कडवट, पण लगेच मऊ पडते."

"आणि मागे राहतं ते मीठ?"

"राहतं ना. दुसरा घास घ्यावासा वाटतो एवढंच राहतं. पाणी नाही मागवत." आता लोरेदानाचे डोळे भरले होते, पण आवाज तिनं हलू दिला नाही. "एक कण इकडे नाही की तिकडे नाही, आई."

आग्लायानं घास गिळला. ताठ उभी राहिली, गवत कापायला निघताना राहायची तशी, आणि सगळ्या टोपल्यांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. त्या क्षणी मला तिचा इतका अभिमान वाटला की बोलता येईना, आणि माझं बोलणं बंद पडलेलं या गावानं फार वेळा पाहिलेलं नाही.

"हाच," ती म्हणाली. "सासूबाईंचा होता तो हाच."

मग तिनं रिकामी बशी सुनेपुढे धरली.

"अजून एक फोड दे," ती म्हणाली. "आणि पुन्हा पहिल्यापासून सांग."