आक्काचा मुका कॉम्प्युटर

आक्काला एखादी गोष्ट करू नको म्हणून सांगणं म्हणजे ती तिच्याकडून हमखास करून घेणं. हे तिच्या धाकट्या भावाला एव्हाना कळायला हवं होतं, आयुष्य गेलं त्याचं तिच्याबरोबर एका घरात. नाही कळलं, त्याला कोण काय करणार.

आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अख्खी नोकरी कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. लाइन जोडायची आणि आपला कान काढून घ्यायचा, दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसायचं नाही, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात मुरला होता. लग्न तिने केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, राहून गेलं, जसं तुमचं शहाणपण राहून गेलं. मग कुणी विचारेनासं झालं.

वडिलांनी घर दोघा भावंडांच्या नावावर केलं होतं आणि मागची खोली आक्काची, असं सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं. रिटायर झाल्यावर त्या खोलीत तिने गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर बसवला आणि पुन्हा कानाला हेडफोन लावला. गेम लढाईचा. तिच्या टोळीत इंटरनेटवरून जमलेली कुठकुठली तरणी पोरं. खेळात ही एका गच्चीवर दबा धरून बसते आणि समोरच्याने डोकं वर काढलं की त्याचा निकाल लावते. पोरं तिला कॅप्टन म्हणतात. घरात मात्र तिला हाक यायची ती भाजी निवडायला.

आता खेळ रंगात आला की कॉम्प्युटर तापणार, आणि तापला की आतले पंखे घोंघावणार. शेजारची खोली भावाची. मधली भिंत कसली, नुसता फळ्यांचा आडोसा. दुपारी त्याचा डोळा लागायला आणि आक्काची लढाई पेटायला एकच गाठ पडायची. एके दिवशी तो उशी बगलेत मारूनच दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, एक तर हे धूड गप्प कर, नाहीतर घराबाहेर काढ."

"करते गप्प," आक्का म्हणाली. "नाही झालं तर माझ्या हाताने विकून टाकीन."

भाऊ एकदम खूश झाला. ती शब्दाला पक्की आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

आक्काने टोळीतल्या पोरांना विचारून घेतलं. पंखे जिवाच्या आकांताने फिरायला नको असतील तर आतली उष्णता पाण्याने वाहून न्यायची. तापणाऱ्या भागांवर तांब्याचे ठोकळे बसवायचे, त्यांतून छोट्या पंपाने पाणी खेळवायचं, आणि ते गार करायला गाडीत असतो तसला रेडिएटर. त्याचे मोठे पंखे सावकाश फिरले तरी भागतं. दुकानदाराने नातवासाठी का, असं विचारलं. ती म्हणाली, माझ्यासाठी. मग त्याने समजूतदारपणे सांगितलं की पहिल्यांदाच करताय तर मऊ रबरी नळ्या घ्या, सोप्या पडतात. झालं. आक्काने काचेसारख्या कडक प्लॅस्टिकच्या नळ्या घेतल्या.

त्या वाकवायच्या म्हणजे गरम हवेच्या बंदुकीने शेकायच्या. एक नळी करपली, एक चेपली, एक तर इतकी सुरेख वळली की आक्का स्वतःवरच खूश झाली, आणि बसवायला गेली तर वळण उलट्या बाजूला. भाऊ येता-जाता डोकावून, पाणी आणि वीज एका डब्यात, कुणीतरी आवरा हिला, असं ऐकवून जायचा.  आक्काने दातओठ खाऊन नवी नळी कापायला घेतली.

शेवटी सगळ्या नळ्या जागेवर बसल्या. तिने प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला, पाणी भरलं, आणि बाकी कशालाही वीज न देता नुसता पंप चालू केला. भाऊ तमाशा बघायला खुर्ची घेऊनच बसला होता. थोड्या वेळाने एका जोडाखालचा कागद ओला झाला.

"दुकानवाल्याला फोन लावू का? परत घेतो का बघतो," भाऊ म्हणाला.

आक्काला रडू कोसळणार होतं. त्याच्यासमोर ती मेली तरी रडली नसती. पंप बंद करून तिने पाणी काढलं, नळी उपसली आणि टोकावरून बोट फिरवलं. कापलेली कड तशीच धारदार होती, घासायची राहिली होती. त्या धारेने जोडातली रबराची चकती चिरली होती. चूक तिची, घाईची.  तिने सगळ्या नळ्या काढल्या, सगळ्यांच्या कडा घासल्या, चकती बदलली, पुन्हा बसवलं.

आता नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकून पंप गुळगुळत होता. ते घालवायला कॉम्प्युटरचं अख्खं खोकं इकडे तिकडे कलतं करावं लागतं, आणि एकटीला ते पेलेना. तेवढ्यात भावजय हात पुसत आली.

"वन्सं, मी धरते. फक्त ह्यांना सांगू नका."

दोघींनी मिळून ते ओझं तान्ह्या बाळासारखं झुलवलं. गुळगुळ थांबली. कागद कोरडे ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काने टोळी गोळा केली. लढाई पेटली, आणि कॉम्प्युटरच्या तोंडून शब्द नाही. एक डाव मारून तिने हेडफोन काढला, कौतुकाने कान देऊन ऐकलं. काहीच नाही. इतकं काही नाही, की फळ्यांपलीकडून भावाचा आवाज लख्ख आला. तो फोनवर आपल्या मुलाशी बोलत होता. पंख्यांच्या घोंघाटात हे आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं.

"आवाज येत नाही म्हणजे बिघडलंच असणार. आता विकेल. ते खूळ एकदा गेलं की तिला पुढच्या खोलीत दिवाणावर झोपवू, एकटीला लागतंय किती? मागची खोली तुम्हा नवराबायकोला. पलंग बघून ठेव."

म्हणजे त्याची झोप नव्हतीच मोडत, त्याला खोली हवी होती. नियमाप्रमाणे आक्काने कान काढून घ्यायला हवा होता. तिने खुर्ची फळ्यांजवळ ओढली आणि एक्स्चेंजमध्ये बोलायची तशा स्वच्छ, शांत आवाजात बोलली.

"बोलत राहा, मी लाइनवर आहे. पलंग घेऊ नका, खोली मोकळी नाही."

पलीकडे फोन घाईघाईने बंद झाला. मग स्वयंपाकघरातून भावजयीचं हसू फुटलं, तिने ते दाबलंसुद्धा नाही. आक्काने हेडफोन चढवला. टोळीतल्या पोरांनी विचारलं, कॅप्टन, कुठे होतात?

"घरातच," आक्का म्हणाली, आणि गच्चीवरची आपली जागा धरली.